पोट धुऊन झाल्यावर

विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही उपजिल्हा रुग्णालयात फवारणीच्या दिवसांत रात्रपाळी केलेल्या सिस्टरना हे पाठ असतं. जीप दाराशी थांबते, चार जण मिळून एका माणसाला आत आणतात आणि त्याच्या आधी कीटकनाशकाचा उग्र वास आत येतो. पुढचा अर्धा तास कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. कपडे उतरवले जातात, अंग साबणानं धुतलं जातं, नळी घालून पोट धुतलं जातं. इंटर्न शीर शोधतो, सिस्टर ॲट्रोपिनच्या ॲम्प्यूल एकापाठोपाठ एक फोडत जातात, आणि डॉक्टर दर थोड्या वेळानं छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसं कोरडी झाली का ते ऐकतात. धोका टळल्यासारखा वाटला तरी लक्ष कमी होत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषांची बाधा झाल्यावर एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. म्हणून पाळी बदलली की नव्या पाळीची सिस्टर सांगते, "दादा, उशीवरून डोकं उचलून दाखवा बरं." डोकं उचललं गेलं की तशी नोंद होते. असे शेकडो जीव या माणसांनी ओढून आणले आहेत.

चौथ्या-पाचव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड भरलं जातं. निघताना कुणीतरी वडीलकीनं म्हणतं, "पोरं लहान आहेत तुमची, परत असं करायचं नाही हं." माणूस मान हलवतो आणि एसटी स्टँडकडे निघतो. घरात तेच कर्ज असतं, तेच भांडण असतं, आणि गोठ्यात उरलेली औषधाची बाटलीही तशीच असते. "अजूनही जीव द्यावासा वाटतो का?" असं त्याला या पाच दिवसांत कुणीच विचारलेलं नसतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. विषावर काय करायचं ते त्यांना शिकवलेलं आहे, त्याचा सराव करून घेतलेला आहे. या प्रश्नाचा सराव कुणी करून घेतलेला नाही. तो करून घेता येतो आणि आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच त्याची सुरुवात व्हायला हवी, हे माझं म्हणणं आहे.

असा सराव करून घेणाऱ्या प्रशिक्षणाला मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण म्हणतात. त्याचा पहिला रीतसर अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं तयार झाला. तो तयार करणाऱ्या बेटी किचनर यांची कारकीर्द परिचर्या आणि शिक्षणातली, आणि नैराश्य त्यांनी स्वतः अनुभवलेलं. त्यांचे पती अँथनी जॉर्म हे मानसिक आरोग्याचे संशोधक. सामान्य माणसाला मानसिक आजारांबद्दल किती माहिती असते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सुरुवातीचा अभ्यासक्रम ९ तासांचा होता, पुढे तो १२ तासांचा झाला आणि तिथून वीसहून अधिक देशांत गेला. त्याचा गाभा पाच गोष्टींत आहे. माणसाच्या जवळ जाऊन त्याच्या जिवाला धोका आहे का ते पाहायचं. न्यायनिवाडा न करता ऐकायचं. धीर द्यायचा आणि खरी माहिती द्यायची. तज्ज्ञांपर्यंत पोचायला मदत करायची. आणि त्याचं घर, त्याची माणसं, त्याला आधीपासून बळ देणाऱ्या गोष्टी यांच्याशी त्याला पुन्हा जोडायचं. क्रम परिस्थितीप्रमाणे बदलतो, फक्त धोका आहे का हे आधी पाहायचं असतं. निदान करणं यात नाही, औषध देणं नाही, समुपदेशनही नाही.

हा अभ्यासक्रम मुळात शेजारी, शिक्षक, सहकारी अशा सर्वसामान्य लोकांसाठी होता. त्यामुळे डॉक्टर-नर्सना तो कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडचं शिक्षण पाहिलं तर उत्तर मिळतं. एमबीबीएसच्या परीक्षेत मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही; मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न येतो, आणि इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे त्या विभागात काढायचे असतात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे, पण विद्यार्थिनी तो शिकतात तो बहुतेक करून मनोरुग्णालयात. तिथं दिसतात ते टोकाला गेलेले, वर्षानुवर्षांचे आजार. मेडिकल वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली, जेवणाचं ताट तसंच परत पाठवणारी बाई नैराश्यात असू शकते, हे तिथं शिकायला मिळत नाही.

आणि माणसं जातात ती याच वॉर्डांत, याच ओपीडीत. जेसन लुओमा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या देशांतल्या चाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आत्महत्येनं मृत्यू झालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्याभरात साध्या, प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्याच महिन्यात मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे गेलेले होते पाचातला एक. हे आकडे बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे तज्ज्ञाकडे जाणाऱ्यांचं प्रमाण त्याहून कमीच असणार. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंतेसारख्या आजारांच्या १०० रुग्णांमधले ८५ जण कुठल्याही उपचाराविना असल्याचं दिसलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आत्महत्यांच्या राष्ट्रीय नोंदीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ आपल्या राज्यातल्या.

ओपीडीत ही माणसं "मला नैराश्य आलंय" असं सांगत येत नाहीत. डोकं गच्च होतं, हातापायांची आग होते, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, कंबर धरते, अशी गाऱ्हाणी असतात आणि ती सगळी खरी असतात. गॅसच्या आणि शक्तीच्या गोळ्या, फार तर एक सलाइन घेऊन माणूस घरी जातो. महिन्यानं पुन्हा येतो. दोन-तीन मिनिटांच्या तपासणीत वेगळं काय करता येईल? निदान दोन प्रश्न तर विचारता येतील. गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस मन उदास, हताश वाटलं का? रोजच्या कामात, आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झालाय का? जगभरच्या दवाखान्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीचे हे पहिले दोन प्रश्न आहेत आणि त्यांना एक मिनिट पुरतं. कठीण असतं ते 'हो' असं उत्तर आल्यावरचं पुढचं मिनिट, आणि प्रशिक्षण लागतं ते त्यासाठी.

असं प्रशिक्षण व्याख्यानानं होत नाही. चांगल्या शिबिरात तिघा-तिघांचे गट पाडतात. एक जण रुग्ण होतो, एक कर्मचारी, आणि तिसरा कागद घेऊन नुसता बघतो. रुग्ण झालेली सिस्टर म्हणते, "काही करावंसंच वाटत नाही." समोरचा अनुभवी डॉक्टर लगेच विचारतो: झोप कशी आहे, भूक कशी आहे, शुगर कधी तपासली, घरी कोण कोण असतं. चौथ्या प्रश्नानंतर सल्ला सुरू होतो: सकाळी फिरायला जा, मन कशात तरी गुंतवा. तिसऱ्याच्या कागदावर मग एवढीच नोंद असते, की पहिलं मिनिट संपायच्या आत सल्ला आला आणि रुग्ण तेव्हापासून गप्प आहे. पुन्हा करून पाहिलं की डॉक्टर थांबतो. "काही करावंसंच वाटत नाही," हे ऐकून "कधीपासून असं वाटतंय?" इतकंच विचारतो आणि खरंच वाट पाहतो. पंधरा-वीस सेकंदांची शांतता कॅज्युअल्टीत काम केलेल्या माणसाला फार मोठी वाटते. ती सहन करायला शिकणं हा या प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे, आणि तो पुस्तकातून येत नाही.

त्याहून अवघड असतो आत्महत्येचा प्रश्न. पहिल्यांदा विचारताना बहुतेकांची जीभ अडखळते. "तसं काही मनात येत नाही ना?" असं विचारलं जातं. असा प्रश्न विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचं आहे हे समोरच्याला कळतं, आणि तो 'नाही' म्हणतो. शिकवलं जातं ते सरळ विचारायला: "कधी कधी माणसाला इतका त्रास होतो की जीव द्यावासा वाटतो. तुम्हाला तसं वाटतंय का?" उत्तर 'हो' आलं तर घाबरून विषय बदलायचा नाही. किती दिवसांपासून वाटतंय, काय करायचं ते ठरवलंय का, त्यासाठी लागणारी वस्तू घरात आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का, हे शांतपणे विचारायचं. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो ही समजूत डॉक्टरांमध्येही घट्ट आहे. ती तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर २००५ साली झालेल्या अभ्यासात विचारल्यामुळे अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत. २०१४ च्या एका व्यापक आढाव्याचाही निष्कर्ष तोच आहे. उलट, इतके दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट कुणीतरी नावानिशी विचारली, याचा अनेकांना आधार वाटतो.

हे विचारायला एकांत लागतो, आणि आपल्या रुग्णालयांत तोच मिळत नाही. खाटेभोवती सासू, नवरा, मामा, गावचे दोघे-तिघे उभे असतात. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देतो, "चक्कर येऊन पडली, चुकून प्यायली." जाणत्या सिस्टरकडे यावर उपाय असतात. नवऱ्याला केसपेपरवर शिक्का आणायला पाठवायचं, सासूबाईंना चहा घेऊन यायला सांगायचं, ड्रेसिंग करायचंय म्हणून पडदा ओढून घ्यायचा. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते कधी कधी साऱ्या केसपेपरपेक्षा जास्त असतं. घरात मारहाण होत असेल तर आत्महत्येच्या प्रयत्नामागचं खरं कारण बाहेर येण्याची हीच एक फट असते. अशा क्लृप्त्या एका सिस्टरकडून दुसरीकडे तोंडी जातात. त्या प्रशिक्षणात रीतसर शिकवल्या गेल्या पाहिजेत.

विचारलं, ऐकलं, पुढे काय? या बाबतीत जे सर्वांत भरीव काम झालंय त्यात आपल्या चेन्नईचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००० नंतरच्या दशकात पाच ठिकाणी एक अभ्यास केला: चेन्नई, श्रीलंकेतलं कोलंबो, इराणमधलं करज, चीनमधलं युनचेंग आणि ब्राझीलमधलं कांपिनास. चेन्नईतलं काम डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या पुढाकारानं झालं. आत्महत्या रोखण्यासाठी १९८६ पासून काम करणारी 'स्नेहा' ही संस्था त्यांनीच उभी केली. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इमर्जन्सी विभागात आणलेले १,८६७ लोक या अभ्यासात घेतले गेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज डिस्चार्जच्या सुमाराला तासभर समोर बसवून सगळं समजावून सांगितलं गेलं: आत्महत्येचे विचार का येतात, कशानं बळावतात, दुसरे मार्ग कोणते, मदत कुठे मिळते. आणि मग दीड वर्षात नऊ वेळा संपर्क ठेवला गेला, फोननं किंवा घरी जाऊन. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, आणि नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. हे काम डॉक्टर, नर्स, मानसशास्त्रज्ञ असं रुग्णसेवेचा अनुभव असलेलं कुणीही करत होतं.

दीड वर्षानंतर मोजदाद झाली तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं २.२ टक्के लोक गेले होते, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये, हे खरं. पण त्याच दिशेचा जुना पुरावाही आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९७० च्या सुमारास, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या किंवा सोडून देणाऱ्या रुग्णांना अधूनमधून चार ओळींची पत्रं पाठवली. तुमची आठवण आहे, बरं चाललंय ना, कळवावंसं वाटलं तर कळवा, इतकाच मजकूर. पहिली दोन वर्षं त्या गटात आत्महत्या लक्षणीयरीत्या कमी झाल्या. या पत्रांत ना उपचार होता ना सल्ला.

अलीकडे यात सुरक्षा आराखड्याची भर पडली आहे. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तो मांडला. रुग्ण आणि कर्मचारी शेजारी बसून एका कागदावर रुग्णाच्याच शब्दांत लिहितात. विचार यायला लागले की मला आधी काय जाणवतं: 'रात्री दोनला जाग येते, बँकेचा माणूस डोळ्यांसमोर येतो.' तेव्हा मी स्वतः काय करू शकतो: 'उठून गोठ्यात जाईन, बैलांना वैरण टाकीन.' मग कुणाजवळ जाऊन बसेन, कुणाला मोकळेपणानं सांगेन, फोन कुणाचा. डॉक्टरांचा आणि हेल्पलाइनचा नंबर. आणि जीव घ्यायची साधनं घरातून कशी दूर करायची: उरलेलं औषध आज कोण कुठे नेऊन ठेवणार. रुग्णानं हे प्रत्यक्ष लिहायला, निदान तोंडानं सांगायला हवं. छापील यादीवर टिकमार्क करून ते काम होत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या इमर्जन्सी विभागांत असा आराखडा आणि नंतरचे फोन असं दोन्ही केलं, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित घटना जवळपास निम्म्यानं कमी आढळल्या. तो अभ्यास २०१८ चा.

औषधाच्या बाटलीबद्दल एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. श्रीलंकेत घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटून पाहिल्या गेल्या. त्यानं विषप्राशनं कमी झाली नाहीत. तिथं फरक पडला तो सर्वांत विषारी कीटकनाशकांवर सरकारनं टप्प्याटप्प्यानं घातलेल्या बंदीनं. आत्महत्यांचा दर १९९५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. म्हणजे सिस्टरनं कितीही मनापासून विचारलं, तरी दुकानात काय विकलं जातं हा प्रश्न तिच्या हातात नाही. तो कृषी खात्याच्या हातात आहे.

मानसिक प्रथमोपचार म्हणजे फक्त आत्महत्या रोखणं, असंही नाही. मांडीचं हाड मोडून दाखल झालेला पन्नाशीचा माणूस तिसऱ्या रात्री अचानक थरथरायला लागतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, सलाइन उपटून काढतो. नातेवाईक म्हणतात बाहेरची बाधा झाली. वॉर्डातले लोक त्याचे हात खाटेला बांधतात. हा दारू अचानक बंद झाल्यानं आलेला भ्रम असतो, वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. पहिल्या दिवशी, न रागावता, "रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली?" असं विचारून नोंद झाली असती तर आधीच औषध सुरू करता आलं असतं. अशा प्रसंगी दिवा चालू ठेवायचा, एकाच माणसानं हळू आवाजात बोलायचं, आपण कोण आहोत आणि हे कुठलं गाव आहे ते पुन्हा पुन्हा सांगायचं. सहा जणांनी मिळून दरडावलं की भ्रम वाढतो.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. ज्याच्या कागदावर 'स्किझोफ्रेनिया' लिहिलंय त्यानं छातीत दुखतंय म्हटलं, तर ईसीजी काढायला उशीर होतो. 'मनोरुग्ण आहे, बोलतो असं' म्हणून पोटदुखी बाजूला पडते. तीव्र मानसिक आजार असलेल्या लोकांचं आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी भरतं, आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा असतो. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात स्वतःच्या पूर्वग्रहांवर बोलायला वेळ राखून ठेवावा लागतो. सामान्य नागरिकाच्या पूर्वग्रहानं फार तर एखाद्याचं मन दुखावतं. कॅज्युअल्टीतल्या पूर्वग्रहानं त्याचा जीव जाऊ शकतो.

आपत्तीनंतरची मदत हा या विषयाचा सख्खा भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली त्यासाठी मार्गदर्शिका काढली. तिचे तीन शब्द आहेत: पाहा, ऐका, जोडा. दुर्घटनेतून वाचलेल्याला बसवून 'काय काय झालं ते सगळं सांगा' म्हणून लगेच बोलतं करायची पद्धत पूर्वी रूढ होती. तपासणीत तिचा उपयोग दिसला नाही, काहींना त्रासच झाला. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं. ज्याला नुसतं पाणी आणि घरी फोन लावून हवाय त्याला तो लावून द्यावा.

तज्ज्ञच नाहीत तर जोडायचं कुणाला, असा प्रश्न खेड्यातला वैद्यकीय अधिकारी विचारतो, आणि तो रास्त आहे. पण या बाबतीत महाराष्ट्र आणि गोवा अगदीच रिकाम्या हातांचे नाहीत. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्याचे उपचार देता येतात हे दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथं सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षानंतर २७.२ टक्के झालं. राज्य शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांमध्ये आशाताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याची विचारपूस केली. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर, रात्री-बेरात्री चालतो, मराठीतही बोलता येतं. हा नंबर रुग्णाच्या हाती नुसता लिहून देऊ नये. वॉर्डातूनच लावून, समोर बसून पहिलं बोलणं करून द्यावं. घरी गेल्यावर अनोळखी नंबर फिरवायचं धाडस फार थोड्यांना होतं.

कायद्याची भीतीही अजून घट्ट आहे. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा, मग विचारायचं कशाला आणि लिहायचं कशाला, असं डॉक्टरही म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे. तिला शिक्षा करता येत नाही, आणि पुन्हा असं घडू नये म्हणून तिला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. जुन्या दंड संहितेतलं ३०९ वं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं, ते तसंच चालू आहे. पण 'चुकून प्यायली' असं लिहून घेतल्यानं रुग्णाचं रक्षण होत नाही. तिच्या हक्काची मदत तेवढी बुडते.

मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा गवगवा जितका होतो तितका पुरावा त्यामागे आहे का, हे विचारलं पाहिजे. २०१८ साली १८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला. प्रशिक्षण घेतलेल्यांचं ज्ञान, आत्मविश्वास आणि मदत करायची तयारी वाढते, सहा महिन्यांपर्यंत टिकते, असं त्यात दिसलं. ज्यांना मदत मिळाली त्या माणसांची तब्येत सुधारली का, याचं ठोस उत्तर त्यात नाही, आणि २०२३ च्या कोक्रेन आढाव्यालाही ते सापडलं नाही. माझ्या मते याचा अर्थ प्रशिक्षण वाया जातं असा नाही. बारा तासांचं शिबिर आणि प्रमाणपत्र देऊन माणसाला पुन्हा त्याच गर्दीत, त्याच एकट्या रात्रपाळीत सोडलं तर रुग्णापर्यंत काही पोचत नाही. चेन्नईत पोचलं, कारण तिथं तासभर वेळ राखलेला होता, फोन करणारं ठरलेलं माणूस होतं आणि तारखा ठरलेल्या होत्या.

आणि कर्मचाऱ्यांचं स्वतःचं काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानं २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांची ऑनलाइन पाहणी केली. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आल्याचं सांगितलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांमध्ये, ते प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होतं. उत्तर देणं ऐच्छिक होतं, त्यामुळे आकडा नेमका तेवढाच असेल असं नाही. तरी छत्तीस-छत्तीस तास उभं राहून दुसऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या मुलाबद्दलचा हा आकडा आहे. कार्यगटानं आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, एक दिवस सुट्टी आणि सात-आठ तास झोप हवी, अशी शिफारस केली. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण त्या तासांची भरपाई करू शकत नाही, आणि 'आम्ही शिबिर घेतलं' म्हणून ड्युटीच्या वेळापत्रकाला हात न लावणं हा अन्याय आहे. प्रशिक्षणानं होऊ शकतं ते एवढं: युनिटमधली सीनियर ज्युनियरला हॉस्टेलच्या जिन्यात थांबवून विचारू शकते, "आठवडाभर मेसमध्ये दिसला नाहीस. जगणं नकोसं झालंय का?" आणि उत्तर आलं तर त्याच्याबरोबर सायकियाट्रीच्या ओपीडीपर्यंत चालत जाऊ शकते. आपलं नाव कॉलेजभर होईल, पुढे कुणी काम देणार नाही, ही त्याची भीती तिला माहीत असते, कारण ती तिलाही वाटलेली असते.

एखाद्या रुग्णालयाला हे सुरू करायचं असेल तर त्याला फार पैसा लागणार नाही. सिस्टर, डॉक्टर, ब्रदर, मावशी, वॉचमन सगळ्यांना एकाच शिबिरात बसवावं. रुग्ण रात्री खरं बोलतो तो बहुतेकदा मावशींशीच. सहा महिन्यांनी उजळणी ठेवावी. वॉर्डाच्या टोकाला पडदा लावलेली एक जागा आणि एक मोबाइल असावा. डिस्चार्ज कार्डावर 'पुन्हा तपासणी'च्या खाली संपर्काच्या नऊ तारखा छापाव्यात. पहिला फोन आठवडा संपायच्या आत जायला हवा. तो कोण करणार त्या सिस्टरचं नाव कार्ड भरतानाच लिहिलं जावं, आणि तिची बदली झाली तर तिच्या जागी कोण, तेही.